मडमिणीचे दोन दिवे

येऊरच्या डोंगरावर ऊन अजून हातभर वर असायचं आणि मडमीण आपल्या टमटमचे दोन्ही दिवे लावून मोकळी व्हायची. ती तलावाच्या काठाने यायची तेव्हा पाणी चकाकत असे, गुरं घरी परतलेली नसत, आणि त्या उजेडात तिचे दिवे असून नसल्यासारखे फिकट दिसत. ठाण्यात नवा आलेला माणूस हे पाहून हसे. जुना हसत नसे. त्यामागे काय घडलं होतं ते जुन्या माणसाला ठाऊक होतं, आणि त्यातलं बरंचसं आमच्या घरी घडलं होतं.

मी लग्न होऊन वाईहून ठाण्याला आले तेव्हा हे कोर्टात कारकून होते. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासूबाई. सासूबाई सोवळ्या, लाल आलवणातल्या. देवघर आणि स्वयंपाकघर यांपलीकडे त्यांचं जग नव्हतं आणि त्या जगात त्यांचा शब्द शेवटचा होता. मला दिवस गेले तेव्हा त्यांनीच सांगितलं की सुईण माजिवड्याची येईल. हात चांगला आहे तिचा, म्हणाल्या, पण तोंड नाही. तिच्याशी फार बोलत बसू नकोस.

तिचं नाव हिरा. माजिवड्याच्या आगरी घरातली, माहेर-सासर दोन्हीकडे मिठागरं. नवरा एका इंग्रज इंजिनिअरकडे गाडी हाकायला होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आपली जुनी टमटम आणि घोडी त्याला देऊन गेला. दोन चाकांची, पाठीला पाठ लावून बसायची लहानशी गाडी. पुढे पटकीच्या साथीत नवरा गेला. दिरांनी गाडी विकायचं ठरवलं. हिरा सुईणपण करायची, तिच्या आईकडून ते तिच्याकडे आलेलं. बाळकूम, कोलशेत, ठाणं, सगळीकडून बोलावणी यायची आणि पायी पोचेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असायचा. तिने घोडीचा लगाम स्वतःच्या हातात घेतला आणि दिरांना सांगितलं की गाडी गोठ्यातून बाहेर निघेल तेव्हा मीच काढीन.

बाई, त्यातून विधवा, कासोटा घातलेली, आणि साहेबाच्या गाडीत बसून लगाम धरलेली. बाजारातल्या लोकांनी तिला मडमीण म्हणायला सुरुवात केली. दुसरी कोणी असती तर रडली असती. ती मला म्हणाली, "मडमीन त मडमीन. मडमिनीला निदान कोन गारीतून उतर म्हनत नाय." माजिवड्याकडच्या बोलीत गाडीची गारी होते आणि घोडीची घोरी. मला ते ऐकायला फार आवडे. तिच्याशी बोलत बसायचं नाही हा सासूबाईंचा हुकूम माझ्याकडून फार दिवस पाळला गेला नाही.

टमटम जुनी झाली होती. टप फाटून त्याला चामड्याची ठिगळं लागली होती, एका चाकाची लोखंडी धाव सैल होऊन वाजायची. त्याचं तिला काही वाटत नसे. दिव्यांचं मात्र वाटे. दोन्ही बाजूंना लोखंडी कड्यांत बसवलेले ते पत्र्याचे दिवे, कडांना पितळ, पुढे काच, आणि आत ज्योतीच्या मागे चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची पाटी. साहेबाच्या काळी त्यांत मेणबत्त्या जळत. तिने तांबटाकडून आत तेलाच्या वाट्या करून घेतल्या होत्या. माझी तपासणी करायला दुपारची आली की ती दिवे कड्यांतून काढून आमच्या परसात घेऊन बसायची. वस्त्रगाळ राखेने काच पुसायची, वातीचा कोळसा कातरायची, पत्र्याला तेलाचं बोट फिरवायची. मिठागरांवरून येणारा वारा पत्रा खातो, रोज तेल लागतं, असं तिचं म्हणणं. मागच्या पाटीला मात्र ती कोरड्या मऊ फडक्याशिवाय काही लावू देत नसे. एकदा तिच्या जावेने चांगुलपणा म्हणून ती चिंच आणि राखेने घासली. चांदी गेली आणि तांबं वर आलं. त्या जावेशी तिने अर्धा पावसाळा अबोला धरला. मग कल्हईवाल्याकडून पाटीला कल्हई करून आणली. चांदीसारखी झाली नाही, पण उजेड परतवायला लागली, तेव्हा कुठे ती जावेशी बोलली.

आमच्या आळीच्या तोंडाशी देऊळ होतं आणि देवळाला लागून भाऊसाहेबांचं घर. भाऊसाहेब जमीनजुमल्यातले, गावच्या कारभारात त्यांचं वजन. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर चार प्रतिष्ठित मंडळी जमायची. मडमिणीची टमटम दिवे लावून समोरून गेली की त्या दिव्यांचा झोत क्षणभर सगळ्यांच्या तोंडांवर फिरे. हे भाऊसाहेबांना सहन होईना. त्यांनी गड्याकडून निरोप दिला की तिने देवळाच्या कोपऱ्यावर उतरावं, दिवे मालवावेत, आणि घोडी हाताने धरून आळीतून न्यावी. तिच्या जातीची माणसं आजवर तशीच जात आली आहेत, असं त्यांचं म्हणणं, आणि खरोखर तशीच जात आली होती.

तिने गड्याला तसाच परत पाठवला. दुसऱ्या दिवशी टमटम थेट ओट्यासमोर उभी केली आणि वर बसल्याबसल्याच म्हणाली, "दिवे मालवले त घोरीला वाट दिसनार नाय. आनि मी उतरून रखडत बसले त बालंतीन काय तुमच्या ओट्यावर आनू?"

तिने घोडी हाकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विहिरीपाशी टमटम उभी असताना कुठूनसा धोंडा आला आणि डाव्या दिव्याची काच फुटली. धोंडा कोणी मारला ते कोणी पाहिलं नाही. कोणी मारायला लावला असेल ते मात्र कोणाला विचारावं लागलं नाही. काच गेल्यावर वाऱ्यात ज्योत टिकेना. तिने पुढे तेलात भिजवलेला कागद लावून पाहिला, तो जळला. फडकं बांधून पाहिलं, त्यातून उजेड येईना. आणि नेमका तेव्हाच, आजवर ज्या नियमाची कोणी फारशी चौकशी केली नव्हती, तो नियम गावात जागा झाला. तिन्हीसांजेनंतर गावात गाडी आणायची तर दोन्ही बाजूंना पेटते दिवे पाहिजेत.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मला कळा सुरू झाल्या. हे स्वतः माजिवड्याला गेले आणि तिच्याबरोबर टमटममध्ये बसून परत आले. उजवा दिवा पेटता, डावा आंधळा. देवळाच्या कोपऱ्यावर हवालदार उभाच होता. त्याने घोडीचा लगाम धरला. घरात बायको अडली आहे, हे ह्यांनी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण गाडी चौकीवर जाईल, म्हणाला. दुसरा दिवा दुरुस्त करून आणा आणि गाडी सोडवून न्या. पायी जायचं तर जा.

ओट्यावर मंडळी होती. भाऊसाहेबही होते. मडमीण खाली उतरली. ते तिला उतरवायला बसले होते आणि ती उतरली, तेव्हा त्यांना क्षणभर बरं वाटलं असणार. मग तिने उजव्या बाजूचा दिवा कड्यातून उपसून काढला, हातात धरला आणि हवालदाराला विचारलं, "गारीला दोन दिवे लागतात. मानसाला किती लागतात तेवरं सांगा."

दिवा खांद्याइतका वर धरून ती ओट्यासमोरून चालत आमच्या घरी आली. मालव असं तिला म्हणायचं धाडस कोणाचं झालं नाही.

ह्यांनी त्या संध्याकाळी काय केलं ते सांगायला हवं, कारण स्वतःच्या तोंडाने त्यांनी ते कधी सांगितलं नाही. हवालदार घोडीला चौकीच्या खांबाला बांधून ठेवणार होता, ना चारा ना पाणी. हे म्हणाले की घोडी माझ्या ताब्यात द्या, मी इथे थांबतो. आणि डोक्यावरची पगडी आणि अंगातला कोर्टाचा अंगरखा तसाच ठेवून हे मूल जन्मल्याचा निरोप येईपर्यंत चौकीसमोर एका सुइणीच्या घोडीचा लगाम धरून उभे राहिले. कोर्टातली माणसं जाता-येता पाहत होती. भाऊसाहेबांच्या ओट्यावर ज्यांचं उठणं-बसणं, त्यांच्याच हाताखाली ह्यांची नोकरी होती. आमच्या ह्यांचा आवाज घरात कधी चढला नाही, बाहेर तर नाहीच. पण त्या संध्याकाळी ते जागचे हलले नाहीत.

मला त्या वेळचं सलग आठवत नाही. खोलीत समई होती आणि भिंतीवर सगळ्या सावल्याच सावल्या. मडमिणीने आपला दिवा उपड्या पायलीवर ठेवला होता. मूल बाहेर आलं आणि रडेना. नाळेचा वेढा गळ्याला पडला होता. तिने मागे न बघता सांगितलं, "मोठ्या बाई, दिवा धरा. जवल. अजून जवल."

सासूबाई सोवळ्यात होत्या. त्या सुईण शिवलेल्या पाटावर बसत नसत. त्यांनी पुढे होऊन तो दिवा दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या बोटांपाशी नेला. कल्हईच्या पाटीवरून परतलेला झोत बाळाच्या गळ्यावर पडला आणि तेवढीच जागा लख्ख झाली. दिव्याचा पत्रा तापला होता. सासूबाईंच्या बोटांना फोड आले ते आम्हाला सकाळी कळलं. मडमिणीने वेढा काढला, बाळाला पालथं धरून पाठीवर थापट्या मारल्या, आणि माझा मुलगा रडला.

सकाळी ती मागच्या दारी पेज पीत बसली होती. ह्यांनी येताना गाडीवरून काढून आणलेल्या फुटक्या दिव्याच्या चौकटीतले काचेचे तुकडे सुईने उपसत होती. ठाण्यात त्या मापाची काच नव्हती. मुंबईहून माल येईपर्यंत थांबा, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तोवर गाडी चौकीवर. तोवर बाळकूमच्या, कोलशेतच्या बायकांनी काय करायचं, असं ती स्वतःशीच बोलत होती.

सासूबाईंनी ते आतून ऐकलं. त्या देवघरात गेल्या आणि भिंतीवरची दत्ताची तसबीर उतरवून घेऊन आल्या. ती तसबीर माझ्या सासऱ्यांनी मुंबईहून आणलेली, सासूबाई रोज तिला नमस्कार करून मगच तोंडात पाणी घेत. त्यांनी फोड आलेल्या बोटांनी मागचे खिळे उपटले, चित्र बाजूला काढलं, काच तेवढी मडमिणीपुढे ठेवली.

मडमीण दचकली. मोठ्या बाई, हे कसं घेऊ, म्हणाली.

"घे," सासूबाई म्हणाल्या. "देवाला काचेआड बसायची हौस नाही. तुला बाहेर जायचंय."

बाजारातल्या एका बोहऱ्याकडे काच कापायची हिरकणी होती. त्याने मापाप्रमाणे काच कापून दिली. राळेत मेण वितळवून तिने ती आमच्याच परसात बसून चौकटीत पक्की केली, वात बदलली, तेल भरलं. मग दोन्ही दिवे घेऊन भर दुपारी चौकीवर गेली. गाडीला लावले आणि पेटवले. हवालदार म्हणाला की दिवसाढवळ्या कशाला पेटवतेस. ती म्हणाली की पेटलेले दिसले पाहिजेत ना तुम्हाला, नीट बघून घ्या. त्याने गाडी सोडली.

मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. घोडीच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आळीत शिरला तेव्हा सासूबाई खिडकीशी गेल्या आणि मला सांगू लागल्या. आली. सावकाश चालली आहे. दोन्ही दिवे पेटते आहेत. देवळाशी आली. भाऊसाहेब ओट्यावर आहेत, पानाच्या डब्यात तोंड घालून बसले आहेत. गेली. एवढं सांगून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं जे मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या आळीत येताना ती नेहमी ऊन असतानाच दिवे लावायची. मी एकदा विचारलं की मावशी, तेल वाया जातं, अंधार पडल्यावर लावलेस तर काय बिघडलं? ती म्हणाली, "अंधार परल्यावर लावले त लोक म्हनतील, गरज होती म्हनून लावले."

भाऊसाहेबांनी तिला कधी बोलावलं नाही. त्यांच्या घरातल्या बायकांनी मात्र बोलावलं, त्यांना न विचारता, आणि ती पुढच्या दाराने गेली. तिथे काय झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ती उंबऱ्यापलीकडे नेत नसे. सासूबाईंनी तिच्या तोंडाबद्दल मला जे सांगितलं होतं ते या बाबतीत तरी खरं नव्हतं.

पुढच्या वर्षांत त्या दिव्यांचं काही ना काही होतच राहिलं. बिजागरी गेली, तिथे पितळी तार आली. एका दिव्याचं बूड गंजून गळलं, ते नवं बसवलं. पावसाळ्यात कड्याचा स्क्रू सुटून दिवा चिखलात पडला, त्याचं झाकण चेपलं. मी तिला थट्टेने म्हटलं की साहेबाच्या दिव्यांतलं आता काय उरलंय? म्हणाली, साहेबाचं काय नाय उरलं तेच बरं. तिला ते पूर्ण स्वतःचे झाल्याचं समाधान होतं. टमटमही तशीच, घोडीही. पहिली घोडी म्हातारी होऊन गेली, तिच्या जागी तिच्याच पोटची शिंगी आली. बदलत नव्हती ती फक्त ही बाई.

मग ह्यांची कल्याणला बदली झाली. निघायच्या दिवशी ती सांगितल्यावाचून दारात टमटम घेऊन हजर झाली. सामान बैलगाडीतून पुढे गेलं होतं. आम्ही स्टेशनापर्यंत चालतच जाणार होतो. सासूबाई ओट्यावरून उतरल्या, कोणाकडे न पाहता टमटममध्ये चढल्या आणि मडमिणीच्या शेजारी पुढे बसल्या. आळीतल्या बायका दारांत आल्या होत्या. सासूबाईंना कोणी काही विचारलं नाही, विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं याचा सगळ्यांना अंदाज असावा. स्टेशनावर सासूबाईंनी तिला कल्याणला ये म्हटलं. तिने मान हलवली नाही. म्हणाली, "खारीपल्याड माझी गारी जात नाय, मोठ्या बाई. आनि इथल्या पोरी मना सोरायच्या नाय." दोघी एकमेकींच्या पाया पडल्या नाहीत, गळ्यात पडल्या नाहीत. आगगाडी सुटायची वेळ होईपर्यंत समोरासमोर उभ्या राहिल्या.

काही वर्षांनी प्लेग आला. ठाण्यात आला, कल्याणातही आला. माणसं घरं सोडून शेतांत झोपड्या घालून राहू लागली. आजाऱ्याच्या घरातल्या माणसांना गावाबाहेर चटयांच्या झोपड्यांत नेऊन ठेवत आणि फाटकावर पहारा असे. आत गेलेला साथ उतरेपर्यंत बाहेर येत नसे. आम्हीही कल्याणबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या मळ्यात होतो. ह्यांना कामासाठी ठाण्याला जावं लागलं आणि तिथे बाजारात त्यांना मडमिणीचा दीर भेटला. त्याच्याकडून सगळं कळलं.

त्या झोपड्यांत एक बाई अडली होती. नवरा तापाने गेलेला, ती एकटी. जवळ जायला कोणी तयार नव्हतं. कोणीतरी माजिवड्याला निरोप पोचवला. दीर आडवा आला, घरातली सगळी आडवी आली. ती घोडी जोडून निघाली, तेव्हा दीरही मागोमाग आला. फाटकावरच्या शिपायाने तिला समजावलं की आत गेलीस तर आम्ही तुला बाहेर सोडणार नाही, आणि गाडीही आत येणार नाही. वाईट माणूस नव्हता तो, दीर म्हणाला, हात जोडत होता. तिने घोडी दिराच्या हातात दिली, दोन्ही दिवे कड्यांतून काढले आणि त्याला म्हणाली, "बाहेर सोरा म्हनून मी आले नाय. आत सोरा."

ती बाई सुटली. मुलगी झाली. दोघी जगल्या. मडमिणीला त्यानंतर काही दिवसांनी ताप भरला आणि काखेत गाठ आली. गेली तेव्हा तिच्या घरचं कोणी जवळ नव्हतं. तिला नेलं ते पहाऱ्यावरच्या माणसांनी. झोपडी आणि झोपडीतलं सगळं सामान जाळलं, त्यात दिवेही गेले. दिराने टमटम मोडीत काढली. घरात कोणी ना कोणी रोज आजारी, त्यामुळे तिचे दिवस करायलाही माणसं उरली नव्हती, असं तो रडत सांगत होता.

ह्यांनी मळ्यात येऊन हे सांगितलं तेव्हा दुपार कलत होती. सासूबाई आता फार थकल्या होत्या, भिंत धरून चालत. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग उठल्या आणि काठी टेकत मळ्यातल्या विहिरीवर गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी मला पाणी शेंदायला लावलं आणि अंगावरच्या आलवणासकट डोक्यावरून थंड पाण्याच्या घागरी ओतून घेतल्या. मग मला म्हणाल्या, आता तू. ह्यांनाही हाक मारली.

शेजारच्या झोपडीत आमचे पूजेचे भटजी उतरले होते. ते लगबगीने आले. सासूबाईंना त्या वयात, त्या वेळी नेसत्या लुगड्याने ओलेत्या पाहून त्यांनी विचारलं की कोण गेलं, नात्यातलं कोणी का?

"हिरा गेली," सासूबाई म्हणाल्या. "माजिवड्याची."

सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं नाव भटजींना आठवलं. ते चाचरले. आगऱ्याची सुईण ना ती, म्हणाले, तिचं आपल्याला काही लागत नाही, मोठ्या बाई. शास्त्रात तसं नाही.

सासूबाईंच्या तोंडावरून पाणी निथळत होतं.

"दहा दिवस पूजेला येऊ नका," त्या म्हणाल्या. "आम्हाला सुतक आहे."